नोकरी लागते, पण टिकत नाही: अडचणीतून उठलेल्या बाईला कामावर परत नेताना पाळायचा क्रम

दिवाळीनंतरच्या एका महिन्यात मला तीन फोन आले आणि तिन्हींत गाऱ्हाणं एकच. "ताई, शिरोलीत लावून दिलं होतं तिला. नऊ दिवस गेली आणि बसली की घरात! आता मला कंपनीत तोंड दाखवायची सोय नाही." फोन करणारे तिघंही भले. एक सख्खा भाऊ, एक बचत गटाच्या अध्यक्षबाई, एक कारखान्यातला सुपरवायझर. तिघांनीही आपली ओळख खर्ची घातली होती. आणि तिघांनीही सुरुवात नोकरीपासून केली होती.

नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली, नाहीतर घरातल्या आजारपणात चार वर्षं अडकून पडलेली बाई असो. कोल्हापुरात तिला काम मिळवून देणं फारसं अवघड जात नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, इचलकरंजीतले शिलाईचे कारखाने, शहरातले दवाखाने नि दुकानं, कुठं ना कुठं माणूस हवंच असतं. अवघड असतो तो सहावा आठवडा. तोवर उसने पैसे संपलेले असतात, मूल एकदा आजारी पडून उठलेलं असतं, कोर्टाची एखादी तारीख येऊन गेलेली असते. या सगळ्याची सोय नोकरीच्या आधी लावायची असते आणि आपण ती नंतर लावायला धावतो. म्हणून खाली पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत. लिहिलंय ते तिच्याबरोबर धावपळ करणाऱ्यासाठी: भाऊ, जाऊ, मैत्रीण, गटाची ताई, कंपनीतलं कुणी.

## सुरू करण्याआधी: एक वही, एक माणूस

शंभर पानी वही घ्या. तिच्या नावाची, तिच्याच ताब्यात राहील अशी. पहिल्या पानावर शिक्षण, आधी केलेलं काम, मुलांची वयं, घरात कोण कोण, डोक्यावरचं कर्ज. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न: कुठलं काम मुळीच नको?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. एका वहिनींसाठी आम्ही दवाखान्यात आयाचं काम जवळजवळ ठरवलं होतं. पगार बरा, अंतर जवळ. विचारल्यावर म्हणाल्या, "दवाखाना सोडून काहीही सांगा." नवरा बावीस दिवस आयसीयूत होता, त्या बाहेरच्या बाकड्यावर होत्या. आम्हाला ते माहीत होतं, पण जोडता आलं नव्हतं.

धावपळ करणारे चार असले तरी चालतील, पण ठरवाठरवी तिच्याशी एकानंच करायची. मामा एक सांगतो, गटाची बाई दुसरंच सांगते, आणि ती दोघांनाही 'हो' म्हणते.

## टप्पा १: जीवाला धोका आहे का, ते आधी

मारहाणीतून बाहेर आलेल्या बाईला ठरावीक वेळी, ठरावीक गेटातून आत-बाहेर करायला लावणं म्हणजे शोधणाऱ्याला पत्ता देणं. नवरा किंवा त्याचे भाऊ कामाच्या जागी येऊन तमाशा करतील अशी शंका असेल, तर नोकरीचा विषय बंद ठेवा आणि हे करा.

१८१ ही महिला हेल्पलाइन, ११२ तातडीची मदत. दोन्ही आकडे तिला पाठ हवेत, मोबाइलमध्ये साठवलेले पुरत नाहीत, कारण मोबाइलच हिसकावला जातो. राहायची सोय नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, पोलीस नि कायद्याची मदत एकाच ठिकाणी मिळते. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर शक्ती सदनसाठी (बायकांचं सरकारी निवारागृह) महिला व बाल विकास कार्यालयात बोला.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली अर्ज करायला सासरच्या गावी जावं लागत नाही. ती सध्या जिथं राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो, मग सासर पुण्याचं असो की बेळगावचं. संरक्षण अधिकारी अर्ज तयार करून देतात. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक १५१००. अर्जात राहण्याच्या हक्काबरोबर स्त्रीधन आणि सासरी राहिलेली कागदपत्रं परत मिळावीत अशी मागणी लिहायला विसरू नका. पुढच्या टप्प्याला तेच लागणार आहे.

सावध: "नोकरी लागली तर पोटगी मिळणार नाही" असं तिला कुणीतरी हमखास सांगतं. चार पैसे कमावते एवढ्यावरून पोटगीचा हक्क आपोआप संपत नाही. रक्कम ठरवताना तिची कमाई बघितली जाते, एवढंच. उत्पन्न मात्र कोर्टात लपवायचं नाही.

तपासा: तिच्या फोनमध्ये नवऱ्याचं गूगल खातं उघडं आहे का? लोकेशन कुणाला दिसतंय? बहुतेकदा फोन त्यानंच घेऊन, त्यानंच सुरू करून दिलेला असतो.

## टप्पा २: पहिल्या पगारापर्यंतचे चाळीस दिवस

साधा हिशेब मांडा. ३ तारखेला ती कामावर लागली. पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला. मध्ये ३८ दिवस. या दिवसांत बसभाडं, डबा, पायात बंद बूट, मुलाला सांभाळणारीचे पैसे आणि घरचा किराणा, सगळं रोख लागतं. घरात बसलेल्या बाईपेक्षा कामावर लागलेल्या बाईचा खर्च पहिल्या महिन्यात जास्त असतो, हे घरच्यांना कागदावर दाखवल्याशिवाय पटत नाही. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. केएमटीला (कोल्हापूरची शहर बस) ती सवलत धरू नका. गाव ते शहर एसटी आणि शहर ते एमआयडीसी केएमटी असा प्रवास असेल तर दोन्हींचा खर्च वेगळा लिहा.

हे पैसे आणायचे कुठून? आधी तिचे हक्काचे बघा.

नवरा कारखान्यात होता आणि कामावर असतानाच वारला असेल, तर त्याची पीएफची वर्गणी जात होती का हे पहिल्यांदा शोधा. जुनी पगारपावती, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, सहकारी कामगार, कुठूनही. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते, किमान १,००० रुपये, आणि दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळी. पीएफची रक्कम, पेन्शन आणि विमा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पीएफची रक्कम घेतात आणि विमा नि पेन्शन मागायचं राहून जातं. पीएफचं विभागीय कार्यालय कोल्हापुरातच आहे. तिला स्वतःला नोकरी लागली म्हणून ही पेन्शन थांबत नाही.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २० हजार मिळतात. तो अर्ज तहसीलला. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे नियमित नोकरी लागली की ही मर्यादा ओलांडली जाणार, आणि ते तहसीलला कळवावं लागणार, हे तिला आजच सांगा. एकटी आई असेल तर बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे. यातलं काहीही चाळीस दिवसांत हातात पडेल असं धरून चालू नका. अर्ज आज टाका, पैशाची सोय वेगळी करा.

आता कर्ज. सुपरवायझरांच्या त्या बाईचं काम नवव्या दिवशी का सुटलं, ते मी तिच्या घरी जाऊन विचारलं. तो मंगळवार होता. मायक्रोफायनान्सचा वसुलीचा माणूस मंगळवारी सकाळी दहाला गल्लीत येतो, गटातल्या सगळ्या बायका बसतात, हप्ता मोजून दिल्याशिवाय कुणाला उठता येत नाही. पहिल्या मंगळवारी ती शेजारणीकडे पैसे ठेवून गेली, तर संध्याकाळी गटातल्या बायकांनी सुनावलं. दुसऱ्या मंगळवारी ती गेलीच नाही, आणि बुधवारी लाजेनं गेली नाही.

हे आधी सुटतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीची जागा कर्जदार आणि कंपनी यांनी मिळून ठरवायची असते. त्या जागी ती लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येतं, आणि सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. शाखेत जाऊन वेळ बदलून मागा, लेखी. हप्ता खात्यातून वळता करता येईल का तेही विचारा. नोकरी लागायच्या आधी जाल तर शाखेतला माणूस ऐकून घेतो. दोन हप्ते चुकल्यावर गेलात तर तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

सावध: या चाळीस दिवसांसाठी सावकाराकडून पैसे नकोत. गावातल्या कुणी बिनव्याजी दिले तर ते वहीत लिहा आणि परतफेड दुसऱ्या पगारापासून ठरवा. पहिला पगार पूर्ण तिच्या हातात राहू द्या.

## टप्पा ३: कागद, आणि त्यांचाही क्रम

इथं घाई केली की पुढं सहा महिने निस्तरत बसावं लागतं. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, पॅनवर नवऱ्याचं नाव मधोमध, आणि बँकेत चौथंच काहीतरी: ही अवस्था नेहमीची. नोकरी लागल्यावर पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) आधारवरच्या नावाशी जुळावा लागतो, पगार बँकेतल्या नावावर येतो, आणि कुठं एक अक्षर हललं की पैसे अडकतात.

क्रम असा ठेवा.

१. सिमकार्ड. तिच्या स्वतःच्या नावावरचं. जुनं सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर तो कधीही ते बंद करून दुसरं काढू शकतो आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.

२. आधारला नवा मोबाइल. आधार केंद्रावर स्वतः जाऊन करून घ्या, मोबाइल बदलायला वेगळा पुरावा लागत नाही. भांडी, चांदीकाम, बांधकाम केलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. डोळ्यांचं स्कॅन करा म्हणून सांगा, तिला परत पाठवू देऊ नका.

३. नाव ठरवणं. पुढची दहा वर्षं ती कुठल्या नावानं वावरणार? हे तिनं ठरवायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. नवऱ्याचं नाव आजच काढून टाकायची इच्छा समजण्यासारखी आहे, पण खटला चालू असेल आणि नोकरी तोंडावर असेल तर आधारवर आज जे नाव आहे तेच सगळीकडे लावणं सोपं पडतं. दहावीचं नाव नि आधारचं नाव जोडायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. ते नसेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. तो अर्ज ऑनलाइन होतो.

४. पॅन, मग बँक खातं. खातं फक्त तिच्या नावाचं, राष्ट्रीयीकृत बँकेत. जनधन चालतं. भावाबरोबरचं जोडखातं नको, भाऊ कितीही चांगला असला तरी. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं ते तिथंच विचारून घ्या.

५. शिक्षणाचे दाखले. मूळ गुणपत्रिका सासरी राहिली असेल तर शाळेतून दाखल्याची दुय्यम प्रत आणि दहावी-बारावीची गुणपत्रिका राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयातून मिळते. "त्यांनी दिली तर बघू" म्हणून वाट बघत बसू नका. दहावीआधीच शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण त्याची मुदत ठरलेली असते, ती विचारून वहीत टिपा.

६. जुना यूएएन. लग्नाआधी ती कुठं कामाला होती का? असेल तर तिच्या नावावर जुना पीएफ क्रमांक असू शकतो. नव्या मालकाला तोच द्यायचा. दुसरा निघाला तर दोन खाती जोडताना नावाची कटकट परत सुरू होते.

उत्पन्न, रहिवास, जात यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. पाचशेच्या स्टॅम्पसाठी कुणी दुकानाकडे पाठवलं तर आधी हे विचारा.

तपासा: आधार, पॅन, पासबुक एका रांगेत ठेवा आणि नाव मोठ्यानं, अक्षर-अक्षर वाचा. 'संगिता' आणि 'संगीता' हा फरक इंग्रजी स्पेलिंगमध्ये कधी दिसतो, कधी नाही. नुसतं डोळ्यांनी बघितलं की चूक निसटते. मूळ कागद तिच्या एका पिशवीत, प्रती तुमच्याकडे, फोटो दोघींच्या मोबाइलात.

## टप्पा ४: मूल, म्हातारी माणसं आणि घड्याळ

"आई सांभाळेल की" या वाक्यावर विसंबून लागलेल्या नोकऱ्या मी मोजणं सोडून दिलंय. आई सांभाळते, नाही असं नाही. पण आईचे गुडघे आहेत, आईच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण आहे, आईला भजनी मंडळाबरोबर पंढरपूरला जायचंय. उपकार म्हणून सांभाळलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात परत येतं.

म्हणून ठराव करा, आईशी असला तरी. किती वाजता ते किती वाजता, डबा कुणी करायचा, ताप आला तर आधी कुणाला फोन, आणि महिन्याला किती पैसे. आईला पैसे देणं वाईट वाटत असेल तर "औषधाचे" म्हणून द्या, पण द्या. शेजारच्या मावशी असतील तर त्यांना ठरलेल्या तारखेला. आणि दुसरं माणूस तयार ठेवा, पहिलं आजारी पडेल त्या दिवसासाठी. अंगणवाडी अर्ध्या दिवसाची असते, तिच्यावर पूर्ण पाळी बसत नाही. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. विचारायला लाजू नका, नसेल तर निदान ते कळेल.

मग रंगीत तालीम. नोकरी लागलेली नसताना, तीन दिवस. पहाटे पाचला उठणं, डबा, मुलाला पोचवणं, बस पकडणं, गेटपर्यंत जाऊन परत येणं. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून शिरोलीला वेळेवर पोचायचं तर कुठली एसटी पकडावी लागते, ती मध्यवर्ती बसस्थानकात कधी येते, पुढची केएमटी चुकली तर किती वेळ जातो, हे फोनवर विचारून कळत नाही. एकीला दुसऱ्या दिवशी कळलं की परतीची शेवटची गाडी तिची पाळी सुटण्याआधी वीस मिनिटं निघून जाते. हे नोकरीच्या दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर?

इथंच तब्येतीचंही बघून घ्या. खूप सोसलेल्या बाईला झोप नसते, छातीत धडधडतं, गर्दीत गुदमरतं. सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) मानसोपचाराची सोय आहे, फोनवर बोलायचं तर टेलि-मानस १४४१६. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर सकाळी सात वाजता यंत्रासमोर उभं राहता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वेळ किंवा मात्रा बदलून मिळते. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

## टप्पा ५: आता काम निवडा

तालमीतून जे तास हातात राहिले, त्यात बसणारं काम शोधायचं. उलट करायचं नाही.

घरून करायची मजुरी (हुपरीकडचं चांदीचं काम, चपलांच्या वेण्या, शिलाईचे तुकडे) पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी ठीक. मूल पायाशी राहतं, हातात रोख येतं. पण त्यात पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, आणि मालानं दगा दिला की हात रिकामे. त्यावर थांबू नका. फाउंड्रीत कोअर शॉप, तपासणी, पॅकिंग. गारमेंटमध्ये मशीन, धागे कापणं, इस्त्री. शहरात दुकान, पतसंस्था, शाळेतली मदतनीस. पिग्मी एजंटचं (रोजची बचत घरोघर गोळा करायचं) काम फिरतीचं असलं तरी तास स्वतःच्या हातात राहतात, ज्यांच्या गल्लीत ओळख आहे त्यांना ते जमतं. अंगणवाडीच्या जागांवर लक्ष ठेवा: बारावी पास, स्थानिक रहिवासी, ३५ पर्यंत वय, आणि विधवांना ४० पर्यंत सवलत. सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्या आशेवर आजची नोकरी नाकारू नये.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आणि महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामाला मी पहिली पसंती देते, कारण तिथं ईएसआय लागू होतो. एकटीच्या जीवावर घर असेल तर पोरांच्या आजारपणात ते कार्ड पाचशे रुपये जादा पगाराहून मोलाचं ठरतं. पगारातून कापले जातात पाऊण टक्का.

गेटवर विचारायचे प्रश्न, होकार देण्याआधी:

- पगार कंपनी देणार की ठेकेदार? ठेकेदार असेल तर पीएफ नि ईएसआय कुणाच्या नावानं?
- नेमणूकपत्र कधी? पगार खात्यात की रोख?
- रात्रपाळी आहे का? संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि नेण्या-आणण्याची सोय काय ते आधी ठरवायचं.
- लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? दहा माणसांपासून पुढं ती हवीच. दहाच्या आत असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.
- बायकांचं स्वच्छतागृह कुठं? नुसतं ऐकू नका, जाऊन बघा. पाणी न पिता आठ तास काढणारी बाई दोन महिन्यांत आजारी पडते.

## टप्पा ६: शिकायचं असेल तर

थोडक्यात सांगते. कोर्स आधी आणि नोकरी मग, असं सगळ्यांचं होत नाही. ज्या घरात चूल अडलीय तिथं सहा महिन्यांचा कोर्स अर्ध्यावर सुटतो. कळंबा रस्त्यावरचं शासकीय आयटीआय, ग्रामीण बायकांसाठी बँकेमार्फत चालणारी मोफत स्वयंरोजगार प्रशिक्षणं, मुक्त विद्यापीठाचं कोल्हापूर केंद्र, हे रस्ते आहेत. पण आधी त्या कामावर आज कमावत असलेल्या दोन बायकांना भेटा. फी घेऊन 'शंभर टक्के नोकरी' सांगणाऱ्या क्लासला त्यांच्या मागच्या तुकडीतल्या तिघींचे फोन मागा. मिळाले नाहीत तर उठा.

## टप्पा ७: मुलाखत आणि मधली रिकामी वर्षं

"चार वर्षं काय करत होता?" हा प्रश्न येणार. त्याला लांबलचक उत्तर नको, रडं नको, खोटं तर नकोच. घरी मोठ्यानं बोलून घ्या: "घरात आजारपण होतं, मी सांभाळत होते. आता मुलाची सोय लागलीय, मी रोज येऊ शकते." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. समोरच्याला तिची कहाणी ऐकायची नसते, उद्या ती येईल का हे कळायचं असतं.

नवरा नाही हे सांगायचं की नाही, तिनं ठरवावं. हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तो आपल्याच शिरोळ तालुक्यात, तरी "वर्ष तरी होऊ दे" म्हणणारी घरं आजही ढिगानं आहेत, आणि काही बायका कामावर मंगळसूत्र घालून जातात, नको ते बोलणं टाळायला. त्यात दुरुस्ती करायला आपण जायचं नाही.

कोर्टाची तारीख असेल तर ती मात्र पहिल्याच दिवशी सांगावी: "महिन्यातून एक दिवस कोर्टात जावं लागतं, तारीख कळली की त्याच दिवशी तुम्हाला कळवीन." आधी सांगितलेली सुट्टी चालते, अचानक मारलेली दांडी चालत नाही.

सावध: मुलाखतीला सोबत गेलात तर गेटबाहेर थांबा. आत भावानं उत्तरं दिली की मालक भावाला कामावर घेतल्यासारखा त्याच्याशीच बोलत राहतो.

## टप्पा ८: पहिले नव्वद दिवस

इथं बहुतेक मदतनीस निघून जातात. पेढे वाटून झालेले असतात ना.

पहिला आठवडा. रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा फोन. "कसं वाटलं?" विचारू नका, "बरं" एवढंच ऐकू येतं. विचारा: डबा कुणाबरोबर खाल्ला? पाठ दुखली का? बस मिळाली का? ज्या दिवशी उत्तर "एकटीच" येतं, त्या आठवड्यात तिला तिथलं एखादं ओळखीचं माणूस जोडून द्या.

नववा ते बारावा दिवस. नवेपण संपतं, अंग दुखायला लागतं, घरात पहिली कुरबुर होते. एक दिवस तिच्या घरी जाऊन या. तिच्याशी कमी, घरच्यांशी जास्त बोला. भांडी कोण घासतंय ते बघा.

पहिला पगार. पगारपावती मागा, वहीत लावा. पीएफ कापला असेल तर यूएएनच्या पासबुकात जमा झालाय का, ईएसआयचा विमा क्रमांक मिळालाय का, तिच्याच मोबाइलवर बघा. उपचार नोंद झाल्यापासून मिळतात, आजारपणाच्या भत्त्याला मात्र ७८ दिवसांची वर्गणी लागते, म्हणून नोंदीत उशीर झाला तर तोटा तिचा. एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे तेही विचारा. हा प्रश्न मी सहज, चहा पिताना विचारते.

सहावा आठवडा. वर लिहिलंच आहे. या आठवड्यात मुलाचं आजारपण, कर्जाचा हप्ता आणि कोर्टाची तारीख यांपैकी काय काय येतंय ते वहीत आधीच मांडून ठेवा.

पावसाळा. जुलै-ऑगस्टात काम सुरू होत असेल तर हे पहिल्याच दिवशी सुपरवायझरशी बोलून ठेवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. चिखली, आंबेवाडीकडची बाई असेल तर पाणी इशाऱ्याला पोचल्यावर ती पलीकडे अडकू शकते. २०१९ आणि २०२१ ला महामार्गच बंद पडला होता. चार दिवस न आलेली बाई आणि चार दिवस पुरात अडकलेली बाई यांत हजेरीपटावर फरक दिसत नाही, त्यासाठी फोन करावा लागतो.

नव्वदावा दिवस. फोन आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. कायम होण्याबद्दल विचारायची वेळ हीच.

## मध्येच सुटलं तर

सुटतं. रागावू नका, आणि "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य गिळा. दोन दिवसांच्या आत तिला सुपरवायझरला फोन करायला लावा. तुम्ही करू नका, शेजारी बसा. कारण एका वाक्यात, परत कधी येणार ती तारीख दुसऱ्या वाक्यात. दोन दिवसांत फोन गेला तर जागा बहुधा राहते. आठवडा उलटला की दुसरी बाई लागलेली असते.

मग वही उघडून बघा, कुठली पायरी गाळली होती. मंगळवारच्या त्या बाईला घेऊन आम्ही मायक्रोफायनान्सच्या शाखेत गेलो. हप्त्याची वेळ संध्याकाळी पाचची करून मिळाली, अर्ध्या तासात. कारखान्यातली जागा गेली होती, दुसरीकडे लागायला पाच आठवडे गेले. मंगळवारी ती आता साडेचारला सुटते आणि थेट गटाच्या बैठकीला जाते, डब्याच्या पिशवीसकट.